अभ्यास पुरे, आता हिशेब दाखव

‘सर, अजून अभ्यास चालू आहे.’ हे वाक्य आता पुन्हा माझ्यासमोर उच्चारू नकोस. नोकरीला लागलास तेव्हापासून हेच ऐकतोय. कसला अभ्यास राहिलाय? इंडेक्स फंड म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. डायरेक्ट आणि रेग्युलर प्लॅनमधला फरक तू चारचौघांत समजावून सांगतोस. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरीला रामराम कसा ठोकायचा याचे व्हिडिओ तुला तोंडपाठ आहेत. आणि स्वतःच्या नावावर काय आहे? महिना पाच हजारांची एक एसआयपी. तीही मध्ये बंद पाडलेली. याला अभ्यास म्हणत नाहीत, चालढकल म्हणतात.

तू ढ असतास तर मी एवढा बोललोच नसतो. चक्रवाढ व्याजाचं गणित फळ्यावर लिहून होईपर्यंत तुझं उत्तर तयार असायचं. म्हणूनच राग येतो. मग आता सोडव हे. महिना दहा हजार, वर्षाला दहा टक्के. दहा टक्क्यांची हमी कुणीच देत नाही, उदाहरणापुरते धर. तीस वर्षांत सव्वादोन कोटींच्या वर जातात. वीस वर्षांत? शहात्तर लाख. दहा वर्षं उशीर केलास, तर भरायचे बारा लाख वाचले आणि हातात यायचे दीड कोटी गेले. त्यातली निम्मी वर्षं तू घालवून बसलास. कशात? कुठला फंड चांगला, ते ठरवण्यात.

मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली बंद झाला, तेव्हा म्हणालास, अजून पडेल. वर्षभराच्या आतच त्याने ५० हजार ओलांडले, तेव्हा म्हणालास, आता महाग झालाय. अरे, मग तुला हवा तो दिवस उगवणार कधी?

आणि तुझी ती लवकर निवृत्ती. वर्षाच्या खर्चाला पंचविसाने गुणायचं, तेवढे जमले की मोकळा, असं तू मला ऐकवलंस. हा पंचवीस आणलास कुठून? विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये त्यांच्याकडच्या शेअर-रोख्यांचा जुना इतिहास तपासला. निवृत्त माणसाने पहिल्या वर्षी साधारण चार टक्के रक्कम काढली आणि पुढे महागाईइतकी वाढवत नेली, तर पैसे तीस वर्षं पुरतात, असं त्याला दिसलं. शंभर भागिले चार, तो तुझा पंचवीस. बाजार तिथला, महागाई तिथली, आणि मुदत तीस वर्षं. तू पंचेचाळिसाव्या वर्षी थांबणार. पुढची चाळीस वर्षं कोण काढणार? सूत्र वापरण्याआधी ते कुठे लागू पडतं ते बघावं, हे मी तुला शिकवलं नव्हतं का?

चल, तुझेच आकडे घे. वय तेहतीस. घरखर्च महिना साठ हजार. महागाई सहा टक्के धरली तर बहात्तरच्या नियमाने बहात्तर भागिले सहा, बारा वर्षांत खर्च दुप्पट. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी महिन्याला एक लाख वीस हजार, वर्षाला चौदा लाख चाळीस हजार. पंचविसाने गुणलंस तर तीन कोटी साठ लाख. चाळीस वर्षं काढायची असतील तर मी तरी पस्तिसाच्या खाली येणार नाही, म्हणजे पाच कोटी. बारा वर्षांत तेवढे जमवायला, त्याच दहा टक्क्यांनी, दर महिन्याला एक लाख ऐंशी हजार गुंतवावे लागतात. तू भरतोस पाच हजार. बारा वर्षांनी त्याचे होतील पावणेचौदा लाख आणि वर थोडे. तेव्हाचा एका वर्षाचा खर्चही त्यात निघत नाही!

पाच मिनिटांचं गणित आहे. आजवर का मांडलं नाहीस? येत नव्हतं म्हणून नाही. उत्तर आवडणार नाही हे आधीच कळलं होतं, म्हणून. त्यापेक्षा आणखी एक व्हिडिओ बघणं सोपं. साहेबाचा जाच आहे, कामात जीव रमत नाही, हे मी समजू शकतो. मग नोकरी बदल, नवं काही शीक. पण वैतागाला योजना म्हणू नकोस.

आता त्या पॉलिसीचं बोलू. मार्च महिना, कर वाचवायचा, ओळखीतला एजंट दारात. सही ठोकलीस. वर्षाला पन्नास हजार हप्ता, वीस वर्षं, विमा दहा लाखांचा. उद्या तुला काही झालं तर साठ हजार खर्चाच्या घरात दहा लाख किती दिवस पुरतील? दीड वर्षसुद्धा नाही. गृहकर्ज तर मी धरलंच नाही. आणि परतावा? अशा पॉलिसींतून पाच-साडेपाच टक्क्यांच्या आसपास सुटतो, हे तूच मला आकडेमोड करून दाखवलंस. मग मुदत विमा का नाही घेतलास? ‘त्यात पैसे परत मिळत नाहीत.’ हे तू बोलावंस? गाडीचा विमा दरवर्षी भरतोस, तो कधी परत मागितलास? बायकोपोरांचा विचार आला की मात्र तुला वसुली आठवते. लाज वाटू दे.

पगार पुरत नाही, हे तर बोलूच नकोस. ज्याच्या घरी महिनाअखेरीला खरोखर चणचण असते, त्याला मी यातलं एक अक्षर ऐकवत नाही. तुझा पगार दुप्पट झाला तेव्हा काय वाढलं? गाडी वाढली, फोन वाढला, हप्ते वाढले. नोकरी बदलताना पीएफ नव्या खात्यात वळवायचा सोडून काढून घेतलास, कारण फिरायला जायचं होतं. आणि क्रेडिट कार्डाचं किमान देय भरून तू निर्धास्त झोपतोस. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस. गावाकडच्या सावकाराला तू शिव्या घालतोस, आणि याला स्वतःच्या हाताने ओटीपीसुद्धा देतोस.

ही गळती भरून काढायला म्हणे ऑप्शन ट्रेडिंग. सेबीने २०२४ मध्ये आकडे जाहीर केले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. हे तू वाचलं होतंस. वाचून, समजून, मग पैसे लावलेस. उरलेल्या सात टक्क्यांत आपणच असणार, हे तुला कुणी सांगितलं? कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच, आणि तुझ्यासारख्याला ते शोभत नाही.

वडिलांकडे बघून निवांत राहू नकोस. ते जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, त्यांना पेन्शन आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या बहुतेक शिक्षकांनाही ती जुनी पेन्शन राहिली नाही, तू तर खाजगी कंपनीत. पीएफबरोबरची पेन्शन बहुतेकांना १५ हजारांच्या पगारावर मोजून मिळते. पस्तीस वर्षं राबलास तरी महिन्याला साडेसात-आठ हजार. तुझ्या म्हातारपणाची सोय दुसरं कुणी करून ठेवलेली नाही.

पंचेचाळीसला जमणार नाही, पंचावन्नला जमेल. त्यात काय वाईट आहे? पण त्यासाठी आज पाचाचे चाळीस हजार करावे लागतील आणि पगाराबरोबर ते दरवर्षी वाढवत न्यावे लागतील. तुझ्या पगारात ते बसतात. आधी कार्ड पूर्ण फेड. मग सहा महिन्यांचा खर्च मुदत ठेवीत टाक. मुदत विमा घे. राहिलेलं दर महिन्याला पगाराच्या दुसऱ्याच दिवशी खात्यातून कापलं जाऊ दे, तुझ्या मर्जीवर ठेवू नकोस. फंड कुठला? तुझ्याच यादीतला पहिला साधा इंडेक्स फंड घे आणि यादी फाडून टाक.

शनिवारी सकाळी दहाला घरी ये. पगाराची स्लिप, कार्डाचं बिल, पॉलिसीचे कागद, पीएफचं पासबुक, सगळं घेऊन ये. मोबाइल खिशात राहील. आणि सूनबाईंना बरोबर आण. तुझी खाती कुठे आहेत, नॉमिनी कोण आहे, हे त्यांना सांगता येतं का ते मी तुझ्यासमोर विचारणार आहे.