रुचीची साक्ष

ज्याची त्याची आवड निराळी, असें म्हणून रुचीविषयींचे सर्व तंटे मिटविण्याची आपल्या समाजांत रीत आहे. रीत सभ्यपणाची खरी. परंतु ती पाळणारेहि ती मनापासून मानीत नाहींत. हापूस आणि रायवळ यांत आपणांस कांहींच भेद वाटत नाहीं, असें एकाद्या पाहुण्यानें म्हणावें, कीं त्याच्या जिभेंतच कांहीं न्यून आहे असें आपण मनाशीं ठरवून मोकळे होतों. म्हणजे रुचीलाहि खरेंखोटें असतें असा आपला गुप्त विश्वास आहे. या विश्वासाची परीक्षा गेल्या हिवाळ्यांत आमच्यावर अकल्पितपणें आली, आणि तिचें निमित्त झाला क्युबन सिगार.

आमचा एक जुना विद्यार्थी कामानिमित्त हवानास गेला होता. परततांना त्यानें आमच्यासाठीं तीन सिगार आणले. आम्ही धूम्रपानाचे व्यसनी नव्हे. तंबाखूनें तोंडाचा व घशाचा कर्करोग होतो, आणि सिगारचा धूर तोंडांतल्या तोंडांत घोळवून सोडला तरी त्या धोक्यांतून सुटका नाहीं, हें घरांतून आम्हांस ऐकविण्यांत आलें, व तें खरेंच आहे. तथापि हातानें वळलेल्या हवाना सिगारची कीर्ति इतकी ऐकली होती, कीं परीक्षा केल्यावांचून राहवेना.

ही कीर्ति निराधार नाहीं. क्युबा बेटाच्या पश्चिमेस पिनार देल रिओ प्रांतांत वुएल्ता आबाहो नांवाचा भाग आहे. तेथील तंबाखू सर्वोत्तम मानला जातो. सिगारचीं अंगें तीन: आंत भरलेलीं पानें, तीं बांधून धरणारें पान, आणि सर्वांवर गुंडाळलेलें वेष्टनाचें पान. वेष्टनाचीं पानें कापडी मांडवाच्या सावलींत वाढवितात, म्हणजे तीं पातळ व तुकतुकीत राहतात. आंतलीं पानें उघड्या उन्हांत वाढतात. झाडाच्या खालच्या पानांस ‘वोलादो’ म्हणतात, तीं चांगलीं जळतात. मधल्या ‘सेको’ पानांनीं सुगंध येतो. शेंड्याजवळच्या, सर्वांत अधिक ऊन खाल्लेल्या ‘लिहेरो’ पानांत कडकपणा असतो, आणि तीं सावकाश जळतात म्हणून गाभ्यांत ठेवावीं लागतात. वळणारा कारागीर हें सर्व केवळ बोटांच्या अदमासानें साधतो. घट्ट वळलें तर धूर ओढतां येत नाहीं, सैल वळलें तर सिगार भराभर जळून तोंड पोळतें. एक पाट, ‘चावेता’ नांवाची चपटी सुरी आणि थोडासा बेचव डिंक, एवढेंच त्याचें साहित्य. कारागीर वळत असतां एक वाचक उंच आसनावर बसून त्यांना वर्तमानपत्रें व कादंबऱ्या वाचून दाखवितो; ही प्रथा हवानाच्या कारखान्यांत १८६५ सालीं सुरू झाली आणि मधून मधून बंदी येऊनहि टिकली. ड्यूमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीवर त्यांचा इतका लोभ होता, कीं १९३५ सालीं निघालेल्या एका सिगारला तेंच नांव मिळालें. प्राध्यापकांच्या नशिबीं इतके भक्तिमान श्रोते क्वचितच येतात, हें जातां जातां.

आमच्या दोन सिगारांवर एका विख्यात नांवाचा सोनेरी पट्टा होता. तिसऱ्यावर कांहींच नव्हतें. पट्ट्याचा एक आम्हीं प्रथम घेतला. वेष्टनाच्या शिरा पाहिल्या, दोन बोटांत हलकेंच दाबून पाहिला, टोंक कापून न पेटवितांच एक झुरका घेतला, मग पेटविला. आणि परीक्षकाच्या संवयीनें वही उघडली. देवदाराचा वास, भाजलेली कॉफी, मध्यावर आल्यावर मिरीसारखा तिखटपणा, राख घट्ट व करडी, असें पानभर लिहिलें. चार दिवसांनीं बिनपट्ट्याचा ओढला. त्याविषयीं नोंद एका ओळीची आहे: “बरा; शेवटीं कडवट.”

आठवड्यानें तो विद्यार्थी भेटावयास आला. वही वाचून तो कांहीं वेळ गप्प बसला, आणि मग संकोचानें म्हणाला, “सर, तिन्ही एकाच पेटींतले आहेत. एकाचा पट्टा मीच काढला होता.”

आम्हीं ताबडतोब उत्तर दिलें, कीं हातानें वळलेल्या मालांत दोन नग अगदीं सारखे कधींच नसतात. दुसरा अंमळ घट्ट वळला गेला असेल. तो “असेल, सर,” म्हणाला व निघून गेला. आमचें उत्तर खोटें नव्हतें. परंतु तें खरें आहे म्हणून आम्हीं दिलें नव्हतें. सोईचें होतें म्हणून दिलें होतें, आणि हें त्यास कळलें असावें अशी टोंचणी आम्हांस लागून राहिली.

डेव्हिड ह्यूमनें १७५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या रुचीवरील निबंधांत ‘डॉन क्विक्झोट’मधील एक गोष्ट घेतली आहे. सँको पांझाच्या दोघां नातलगांनीं एका पिंपांतलें मद्य चाखलें. एकास त्यांत चामड्याची चव लागली, दुसऱ्यास लोखंडाची. लोक हंसले. पिंप रिकामें झालें तेव्हां तळाशीं चामड्याची वादी बांधलेली किल्ली सांपडली. सूक्ष्म रुचि म्हणजे लहर नव्हे, वस्तूंत जें असतें तेंच ती ओळखते, असा ह्यूमचा आशय. हें आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविलें आहे. पण सिगारच्या पिंपाला तळ नाहीं. जी वस्तु पारखावयाची ती पारखतां पारखतांच जळून जाते, आणि मागें उरलेली राख कोणाच्याच बाजूनें साक्ष देत नाहीं. दुसरा सिगार खरोखरच घट्ट होता काय, हें आतां ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं.

जगानें यावर उपाय काढले आहेत. न्यूयॉर्कचें एक नियतकालिक १९९२ सालीं निघालें. त्यांत सिगारची ओळख लपवून ते चाखतात व शंभरांपैकीं गुण देतात. उत्तरपत्रिकेवरील विद्यार्थ्याचें नांव परीक्षकापासून झांकतात तें याच अविश्वासापोटीं. त्या अविश्वासाचा आम्हांस कधीं अपमान वाटला नाहीं. तो इतर परीक्षकांसाठीं आहे अशी आमची समजूत होती.

मग पहिल्या सिगारनें झालेला आनंद खोटा म्हणावा काय? आनंद झाला तो झाला. खोटें होतें तें वहींतलें पान; पट्ट्यापासून मिळालेलें सुख आम्हीं तंबाखूच्या खात्यावर जमा केलें होतें. जीभ लबाड नव्हती, परंतु ती बोलण्यापूर्वींच डोळ्यांनीं उत्तर देऊन टाकलें होतें.

मग चाखणाऱ्यानें कांहींच जाणूं नये काय? लिहेरोचें पान गाभ्यांत असतें हें ठाऊक असल्यामुळें तो तिखटपणा आम्हीं शोधला व आम्हांस सांपडला. ती फसवणूक होती असें आमच्यानें म्हणवत नाहीं. करणाराची रीत जाणणें वेगळें आणि विकणाराचें नांव जाणणें वेगळें, असें आम्ही म्हणूं. पण मग उंच आसनावरच्या त्या वाचकाची गोष्ट कोणत्या बाजूस टाकावयाची? ती ऐकून पानाच्या चवींत काडीचाहि फरक पडत नसावा, आणि तरी पहिल्या झुरक्याच्या वेळीं ती आमच्या मनांत होती.

तिसरा सिगार अजून आमच्या मेजाच्या खणांत आहे. सिगार राखण्यास सुमारें सत्तर टक्के दमटपणा लागतो. पुण्याच्या उन्हाळ्यांत तो कोरडा पडूं लागला असेल. त्याचा पट्टा काढून मग ओढावा असें दोनदां ठरविलें. पण काढणारे आम्हीच, तेव्हां त्यानें काय साधणार? शेवटीं विद्यार्थ्यास पत्र लिहिलें आहे, कीं येतांना दुसरा एकादा, कोठलाहि, सिगार आणावा, आणि आम्ही शेजारच्या खोलींत असतां दोहोंचे पट्टे त्यानेंच काढावे. घरांतून या प्रयोगास अद्याप संमति मिळालेली नाहीं.