नुसत्या गोळ्याच दिल्या!

पुन्हा तीच पिवळी सलाईन! पाथर्डीकडच्या एका दवाखान्यात या आठवड्यात पाहिली. खिडकीच्या गजाला सुतळीने टांगलेली बाटली, खाली बाकावर आडवी झालेली शेतमजूर बाई आणि शेजारी समाधानाने बसलेली सासू. सकाळी सरकारी दवाखान्यात दाखवून झालं होतं. "तिथं नुसत्या गोळ्याच दिल्या, सुईसुद्धा टोचली नाही," सासूबाई सांगत होत्या. तापावर पॅरासिटामॉल आणि विश्रांती, हा उपचार बरोबरच होता. पण गोळ्या खिडकीतून सरकवल्या गेल्या, ताप दोन-तीन दिवस राहील हे कुणी सांगितलंच नाही.

बाटलीला पिवळा रंग येतो तो बी-२ जीवनसत्त्वाचा. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलीटर बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे शंभरेक कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत याहून जास्त ताकद आहे. जुलाब-उलट्यांनी ज्याच्या पोटात पाणीही ठरत नाही, त्याचा जीव सलाईन वाचवते. चहा पिऊन स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या बाईला ती कशाला?

डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं : "पेशंटच मागतात हो! नाही लावली तर समोरच्याकडे जातात." बरं, तोच पेशंट फी कमी करा म्हणतो, तेव्हा ऐकता का? रक्ताच्या इतक्या तपासण्या नकोत म्हणतो, तेव्हा? चिठ्ठी वाचता येईल अशी लिहा म्हणतो, तेव्हा? (डॉक्टरांच्या अक्षरावर मी इथे अनेकदा लिहिलंय आणि लिहीत राहणार. औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, हा नियम २०१६ सालचा आहे.) मग पेशंटचा शब्द सलाईनपुरताच शिरसावंद्य कसा? आणि ही मागणी आली कुठून? बाटलीने ताकद येते, हे त्या सासूला तिच्या आईने शिकवलेलं नाही. दवाखान्यांनीच शिकवलं, वर्षानुवर्षं, पैसे घेऊन. समजावून सांगायला वेळ नसतो म्हणावं, तर बाटली लावायला तो बरोबर मिळतो.

समजावलं तरी पेशंटला कळत नाही, असंही डॉक्टर म्हणतात. पण आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. गावातल्या बायांना, त्यांत निरक्षरही होत्या, त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं करून पाजायचं, हे त्या बायांनी शेजारणींना शिकवलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खेड्यातल्या बाईला समजावून सांगितलं तर कळतं, याचा पुरावा इतका घरचा असताना 'पेशंटला कळत नाही' असं म्हणायला जीभ रेटते कशी?

वाचकहो, घरच्या माणसाला दवाखान्यात न्याल तेव्हा सलाईन मागू नका. झालंय काय, गोळी कशाची आणि परत कधी यायचं, हे विचारल्याशिवाय उठू नका. आणि चिठ्ठी तिथेच वाचून बघा. अक्षर लागलं नाही, तर पुन्हा लिहून मागा.