विमानाचे तास, शिळफाट्याचे तास

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सरळ पश्चिमेला न जाता पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया असा उत्तरेकडे चढतो. नकाशात वाकडा दिसणारा हाच सर्वांत जवळचा मार्ग. अर्थात विमान त्याच मार्गाने जाईल असं नाही. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि वळसे वाढले. वाऱ्याचंही तसंच. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, म्हणून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. एवढ्या भानगडी जमेस धरून विमान कंपनी पोचण्याची वेळ महिनोन्महिने आधी जाहीर करते, आणि एरवी ती बऱ्यापैकी जुळतेही.

डोंबिवलीकराचा हिशोब बिघडतो तो त्याआधीच्या चाळीसेक किलोमीटरांत.

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेलं कुठलंही जोडपं बघा. भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू भरून तेवीस किलोच्या बॅगा तीनतीनदा काट्यावर चढलेल्या असतात. विमान रात्री दीडचं, गाडी दारात सहाला. खाली ड्रायव्हर विचारतो, ‘काका, माणकोली पुलावरून घेऊ की शिळफाट्यावरून?’ काका माजिवड्याला राहणाऱ्या भाच्याला फोन लावतात, तो गॅलरीतून बघून सांगतो, ‘इथे सगळं जाम आहे.’ मग काकू म्हणतात, आता निघा बाई एकदाचे.

रस्ता लांब आहे, ही तक्रार नाहीच. तो कधी दीड तासाचा असतो, कधी साडेतीन तासांचा, आणि आज कोणता हे आधी कळत नाही. सरासरी काढून उपयोग नसतो, कारण विमान सरासरीसाठी थांबत नाही. वाईटातला वाईट वेळ धरूनच निघावं लागतं. त्यामुळे रस्ता मोकळा मिळाला तरी वाचलेले दोन तास विमानतळावरच्या खुर्चीत जातात. अनिश्चिततेचं भाडं रोजच भरावं लागतं, कोंडी होवो न होवो.

गंमत म्हणजे मिनिटांवर जगणारं गाव म्हणून डोंबिवलीचं नाव घ्यावं. इथे लोक ‘सकाळची गाडी’ म्हणत नाहीत, ‘आठ तेराची फास्ट’ म्हणतात. ही शिस्त रेल्वेने लावली. १६ एप्रिल १८५३ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला तास-सव्वा तासात पोचली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला आले. पण दोन मोठ्या बॅगा घेऊन लोकलमध्ये शिरायचं कोणी?

विमानं या भागाला नवी नाहीत. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी धावपट्टी केली होती. आता २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत. नकाशावर तो आपल्याला जवळ. पण तिकडे जाणारा नेहमीचा रस्ताही कटई नाका आणि शिळफाटा ओलांडूनच जातो. हा विमानतळ डोंबिवलीपासून किती किलोमीटर, हे सांगणाऱ्यांनी एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी सातला कटई नाक्यावरून निघावं आणि पोचल्याची वेळ तेवढी जाहीर करावी.