पूल राज्यात, फाटक दिल्लीत

त्रिपुराच्या दक्षिण टोकाला साब्रूम आहे. गावालगत फेनी नदी वाहते आणि पलीकडच्या काठावर बांगलादेशातले रामगड दिसते. ९ मार्च २०२१ रोजी नरेंद्र मोदी यांच्या हस्ते या नदीवरच्या ‘मैत्री सेतू’चे दूरस्थ पद्धतीने उद्‌घाटन झाले. १.९ किलोमीटर लांबीच्या या पुलावर १३३ कोटी रुपये खर्च झाले आहेत. इथून चितगाव बंदर अवघे ८० किलोमीटर. साब्रूमपर्यंत रेल्वे २०१९ मध्येच आली होती, विशेष आर्थिक क्षेत्र मंजूर झाले होते, पुढे चेक पोस्टही उभे राहिले. सगळा जामानिमा तयार झाला. पण उद्‌घाटनाला चार वर्षे उलटली तरी पुलावरून नियमित मालवाहतूक काही सुरू झाली नव्हती.

रोजगार, पायाभूत सुविधा आणि सीमापार व्यापार ही सीमेवरच्या कोणत्याही मुख्यमंत्र्याच्या भाषणातली ठरलेली त्रयी. त्रिपुरात डाव्यांचे माणिक सरकार असोत, भाजपचे बिप्लब देव असोत की २०२२ पासूनचे माणिक साहा, या यादीत फारसा फरक पडलेला नाही. मात्र एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या या तीन गोष्टींच्या किल्ल्या एकाच्या कमरेला नाहीत. परदेशाशी व्यापार आणि सीमाशुल्क हद्दीवरची आयात-निर्यात हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील केंद्रसूचीचा विषय आहे, नोंद ४१. मोठे महामार्ग आणि रेल्वेही केंद्राच्याच हाती. रोजगाराचा जाब मात्र मुख्यमंत्र्यालाच द्यावा लागतो.

त्रिपुराची कोंडी फाळणीने केली. १९४७ पूर्वी आगरतळ्याला जायचे तर आखौरा स्टेशनवर उतरायचे. त्रिपुरा संस्थानाच्या महसुलाचा मोठा वाटा मैदानातल्या चकला रोशनाबाद या जमीनदारीतून येई. हे सारे पूर्व पाकिस्तानात गेले आणि राज्य तीन बाजूंनी, ८५६ किलोमीटर आंतरराष्ट्रीय सीमेने वेढले गेले. कोलकात्याला जायला गुवाहाटी आणि सिलिगुडीचा १६०० किलोमीटरहून मोठा वळसा पडू लागला. आगरतळ्यात ब्रॉडगेज गाडी आली ती २०१६ मध्ये. तेव्हा इथल्या नेत्याला सीमेपलीकडचा रस्ता खुणावतो यात नवल नाही.

सीमेपलीकडून काय मिळू शकते, याचा पुरावाही आहे. त्रिपुरातल्या पालाटाणाच्या ७२६ मेगावॉट वायुविद्युत प्रकल्पाची अजस्र यंत्रे त्या वळशाच्या रस्त्याने येणे अशक्यप्राय होते. ती बांगलादेशाने आपल्या नद्यांमधून आणि रस्त्यांवरून येऊ दिली. २०१६ पासून त्रिपुराची १०० मेगावॉट वीज बांगलादेशाला जाऊ लागली. दोघांचेही भले करणारा असा सौदा क्वचितच होतो. पण २०२४ मध्ये याच विजेची थकबाकी १०० कोटींच्या वर गेली, तेव्हा वसुलीचा रस्ताही दिल्लीमार्गेच जात होता.

त्रिपुरातल्याच कमलासागरचा सीमाहाट पाहावा. अगदी शून्य रेषेवर कुंपण घातलेले आवार, आत दोन्ही देशांच्या विक्रेत्यांचे ओटे. सीमेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनाच प्रवेश. आठवड्यातून एकदा बाजार भरे, रुपया आणि टाका दोन्ही चालत, आणि एका माणसाने किती डॉलरची खरेदी करावी याचीही मर्यादा ठरलेली असे. साबण, सुके मासे, भाजीपाला, प्लास्टिकच्या बादल्या असा हा व्यवहार. या हाटाने कोणाचे नशीब पालटले नाही. पण सीमा म्हणजे फक्त तार आणि बंदूक नव्हे, हे दोन्ही बाजूंच्या बायाबापड्यांना दिसले. कोविडमध्ये तोही बंद झाला. हाट भरवायचा की नाही, हे ओट्यावर बसणाऱ्याच्या हाती नव्हतेच, आगरतळ्याच्या सचिवालयाच्याही नव्हते.

ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर झाले आणि संबंध बिघडत गेले. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भारतीय सुताची जमिनीवरून होणारी आयात थांबवली. १७ मे रोजी भारताने उत्तर दिले. बांगलादेशी तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या बंदरांतूनच येतील. प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ, प्लास्टिकच्या वस्तू, फर्निचर यांना आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोरामच्या चेक पोस्टवर मज्जाव. मासे आणि खडी यांना सूट राहिली. जशास तसे म्हणून निर्णयाचे समर्थन करता येईल. पण आखौऱ्याच्या फाटकावर माल उतरवणारा हमाल, कागदपत्रे करणारा एजंट, गोदामवाला यांच्या पोटाचा विचार त्या आदेशात कुठे दिसत नाही.

महाराष्ट्राला हे दुखणे अनोळखी नाही. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि लासलगावसह नाशिक जिल्ह्यातले लिलाव ठप्प झाले. राज्याचे कृषिमंत्री दिल्लीला धावले, उपमुख्यमंत्री जपानच्या दौऱ्यावरून फोन करत होते. शेवटी दोन लाख टन कांदा २४१० रुपये क्विंटलने खरेदी करण्याची मलमपट्टी मिळाली. डिसेंबरमध्ये तर निर्यातच बंद झाली. बांगलादेश हा नाशिकच्या कांद्याचा मोठा गिऱ्हाईक. केंद्रात आणि राज्यात एकाच आघाडीचे सरकार असूनही राज्याच्या हाती विनंतीपलीकडे काही नव्हते. ‘डबल इंजिन’ म्हटले, तरी गाडीचा सिग्नल कोणाच्या हाती, हा प्रश्न उरतोच.

यावर आक्षेप येईल की परराष्ट्र धोरणात राज्यांना तोंड घालू दिले तर देश एका सुरात बोलणार कसा? सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला निघाले असताना ममता बॅनर्जींनी अंग काढून घेतले आणि तिस्ता पाणीवाटपाचा करार लटकला, तो लटकलाच. आक्षेप रास्त आहे. पण तिस्तेचा धडा उलटाही वाचता येतो. राज्यांना बोलायला रीतसर जागा नसली, की बलिष्ठ मुख्यमंत्री ऐनवेळी नकार देतो आणि लोकसभेत दोन खासदार असलेल्या त्रिपुराचा मुख्यमंत्री गप्प बसतो. ज्याचे संख्याबळ मोठे त्याचेच ऐकले जाते.

घटनेने आंतरराज्य परिषदेची सोय कलम २६३ मध्ये करून ठेवली आहे. २०१६ नंतर अनेक वर्षे तिची बैठक झाली नाही. तिथे सीमेवरच्या राज्यांसाठी स्थायी समिती असावी. चेक पोस्ट बंद करण्याचा अधिकार केंद्राचाच राहील. पण त्याआधी राज्याचे म्हणणे ऐकावे आणि ज्यांचा धंदा बसेल त्यांना काही काळ आधार द्यावा, एवढी शिस्त सार्वभौमत्वाच्या आड येत नाही.

मुख्यमंत्र्यांनाही हिशेब चुकत नाही. ‘१०,३२३’ हा आकडा त्रिपुरात शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. डाव्या सरकारने नेमलेल्या इतक्या शिक्षकांची भरती उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो निकाल कायम केला आणि मार्च २०२० अखेर त्यांतल्या उरलेल्यांच्याही नोकऱ्या संपल्या. सरकारी नोकरी हाच रोजगार, या समजुतीची किंमत हजारो घरांनी मोजली. हे राज्य रबर उत्पादनात केरळखालोखाल दुसरे आहे, इथल्या क्वीन अननसाला भौगोलिक मानांकन आहे. तरी रबर बहुतांशी कच्चेच बाहेर जाते आणि हंगामात अननसाचा भाव कोसळतो. शीतगृह, रबराच्या वस्तूंचे कारखाने, त्यांना लागणारी वीज आणि कारागीर हे सारे राज्याच्या आवाक्यातले आहे. फाटक उघडले तर हा माल चितगावमार्गे जगात जाईल, नाही उघडले तर रेल्वेने गुवाहाटीला. दोन्ही परिस्थितींत कामाला येईल तेच आधी करावे.

म्हणून सीमेवरच्या नेत्याची प्राधान्ये जोखायची कसोटी सोपी आहे. शेजारी रुसला आणि दिल्लीने फाटक लावले, तरी त्याच्या यादीतले काय उभे राहते, ते पाहावे. मतदारांनी पुढच्या सभेत पुलाच्या लांबीला टाळ्या वाजवण्याआधी हा प्रश्न जरूर विचारावा.