सोनटक्का आणि त्याचे स्थान

न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारा सोनटक्का कोणत्या मराठी घराला ठाऊक नाही? जबलपुरातील आम्हां मराठी मंडळींनाही तो परका नाही. परंतु हाच सोनटक्का नर्मदेच्या उगमाशी, अमरकंटकाच्या पठारावर, ‘गुलबकावली’ या नावाने रानात वाढतो आणि तेथे दुर्मिळ होत चालला आहे. सुमारे १००० मीटर उंचीवर, सालवृक्षांच्या छायेतील झऱ्यांचे काठ हे त्याचे घर. पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याची शुभ्र फुले सायंकाळी उमलतात आणि गंधाच्या मागाने लांब सोंडेचे पतंग येतात. फुलांचा अर्क नेत्रौषध म्हणून यात्रेकरूंना विकला जातो. त्यासाठी फुले खुडली जातात, कंदही उपटले जातात. शिवाय बॉक्साइटसाठी पठार खणले गेले आहे.

यावर कोणी म्हणेल, परसात सोनटक्का जिवंत असता रानातील चार बेटांसाठी शोक कशाला? आक्षेप पोकळ नाही. क्युबाने तर १९३६ साली या फुलाला राष्ट्रपुष्पाचा मान दिला. तथापि हवाई बेटांत व ब्राझीलमध्ये हेच झाड ओढ्यांचे काठ व्यापून तेथील मूळ वनस्पतींना गुदमरवीत आहे. एकच देह एके ठिकाणी भूषण, तर दुसरीकडे उपद्रव! म्हणजे त्याचे मोल केवळ देहात नसून झरा, छाया व पतंग यांच्याशी असलेल्या नात्यात आहे. परसातील सोनटक्का कंद फोडून लावतात; त्याने देह राखला जातो, हे नाते राखले जात नाही.

(हा न्याय माणसाला मात्र लावू नये. ‘जन्मला तेथेच त्याचा स्वधर्म’ असे म्हणून माणसाला डांबणारे थोडे नाहीत. पण माणूस विवेकाने आपले स्थान निवडू शकतो. आमचे पूर्वजही दक्षिणेतूनच येथे आले.)

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, मिळालेल्याची परतफेड न करता उपभोगणाऱ्यास भगवंतांनी चोर ठरविले आहे. मग अर्काची कुपी घेऊन परतणारा भाविक त्या झऱ्याला काय देऊन येतो? निदान काही फुले बीजासाठी राखावीत, कंद काढताना निम्मे बेट सोडावे, एवढे तरी मागता येईल. विकणारा बहुधा गरीब असतो. म्हणून हे प्रथम सांगावयाचे ते कुपी घेणाऱ्याला.