पुदिन्याचा दशांश

शास्त्री व परूशी यांना प्रभू येशूने जे खडे बोल सुनावले, त्यांत परसातल्या झाडपाल्याची नावे आली आहेत. मत्तय 23:23 मध्ये पुदिना, शेपू व जिरे. लूक 11:42 मध्ये पुदिना व सताप. शेपू व जिरे ही एका हंगामाची पिके. त्यांची रास पडते आणि तिचा दहावा भाग मोजून काढता येतो. पुदिना व सताप मात्र वर्षानुवर्षे टिकणारे. खुडले की पुन्हा फुटतात. मग त्यांचा दशांश कोणत्या दिवशी मोजावा? इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात सतापाला दशांशातून सूटच दिली आहे; अशी झुडपे कोणी राखीत नाही, हे तिचे कारण. येशूच्या काळीही हाच संकेत असेल, तर नियमाने न मागितलेलेही परूशी मोजून देत होते!

आपल्या परसातील कढीपत्ता, गवती चहा, पुदिना याच जातीचे. कढीपत्त्याचा शेंडा खुडला की बाजूने फांद्या फुटतात. गवती चहाचे बेट दोन-तीन वर्षांनी फोडून वाटले नाही, तर ते मधोमध वाळू लागते. पुदिना तर कुंडीत कोंडला नाही तर सारा वाफा व्यापतो. म्हणजे येथे देण्याने देणाऱ्याचे काहीच उणे होत नाही. उलट झाडाचे भलेच होते. ज्यात झीज नाही, त्याला दान म्हणावे काय?

माझ्या मते म्हणू नये. तो शेजारधर्म आहे, आणि त्याची नोंद पुण्याच्या खात्यात करू नये. अनुवाद 23:24-25 मधील नियम मला यासाठी फार आवडतो: शेजाऱ्याच्या मळ्यातली द्राक्षे पोटभर खावीत, पण पात्रात भरून नेऊ नयेत. फोडणीपुरता कढीपत्ता कुंपणावरून कोणी तोडला तर त्यात चोरी नाही. टोपली भरली तर आहे. (कोवळे रोप असेल तर मूठभरही जास्तच, हे शेजारणीला सांगण्यात संकोच कसला?) बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरलेल्या आपल्या कुटुंबांनी कितीतरी सरकारी घरांच्या अंगणांत अशी झाडे मागे ठेवली आहेत. त्यांच्या पानांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

हिशेब हवा तो दुसरीकडे. घरकामाला येणाऱ्या बाईच्या पिशवीत जाताना गवती चहाची जुडी आपण प्रेमाने घालतो. आणि महिना उलटून आठवडा झाला तरी तिचे वेतन मात्र उद्यावर ढकलतो. पुदिना देऊ नका, असे प्रभूने म्हटले नाही. न्याय व दया सोडून तो दिला, हा त्याचा आक्षेप होता. जैतुनाच्या फांद्या पुन्हा झोडपू नका, उरलेले उपरी, पोरका व विधवा यांचे, ही आज्ञा अनुवादाच्या 24 व्या अध्यायात विसाव्या वचनात येते. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी चुकती करण्याची आज्ञा त्याच अध्यायात, पंधराव्या वचनात, तिच्या अगोदर आहे.