धनियाची कुटी

मी गिरणी कामगार आहे. असं सांगितलं की लोकांना मुंबई आठवते, भोंगा आठवतो, संप आठवतो. ती गिरणी आज्ज्याची. माझी गिरणी भाताची. कामशेतच्या अंगाला पत्र्याची शेड, एक हलर, एक पॉलिशर आणि आम्ही चार माणसं. दिवाळी झाली की नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळातनं भाताची पोती येतात. इंद्रायणी असतो, थोडा आंबेमोहर असतो. तांदूळ एकीकडे पडतो, कोंडा दुसरीकडे आणि तूस पाइपातनं मागच्या आवारात उडतं. तिथं त्याचा डोंगर होतो. तो डोंगर फावड्यानं गाडीत भरायचा, हे माझं काम. गाडी वीटभट्टीवर जाते. भट्टीवाले तूस मातीत कालवतात, जळणालाही घालतात.

गेल्या माघात त्या ढिगात एक उंदरीण व्यालेली होती. फावडं घातलं आणि घरटंच वर आलं. चिंध्या, सुतळी, कागदाचे कपटे आणि मधे सहा पिलं. बोटाच्या पेराएवढी, डोळे न उघडलेली. गाडीवाला हॉर्न मारत होता. मी जरासा थांबलो आणि फावडं तसंच गाडीत ओतलं.

हे मी लिहिलं नसतं. उंदराचं काय लिहायचं? गिरणीत आम्हीच त्यांना औषध घालतो. पण त्याच आठवड्यात मी विनयपिटकातली धनियाची गोष्ट वाचत होतो. माझी शाळा नववीत सुटली, पुढचं शिक्षण विहारातल्या कपाटातलं.

गोष्ट अशी. राजगृहाजवळ इसिगिली डोंगराच्या अंगाला काही भिक्षूंनी गवताच्या झोपड्या घालून पावसाळा काढला. पाऊस सरला तशा बाकीच्यांनी झोपड्या सोडवल्या, गवत-लाकूड नीट रचून ठेवलं आणि ते चारिकेला निघून गेले. धनिय तिथंच राहिला. तो कुंभाराचा पोरगा. तो भिक्षेला गावात गेला की गवत नेणाऱ्या, फाटी नेणाऱ्या बाया यायच्या आणि त्याची झोपडी उसकटून घेऊन जायच्या. एकदा नाही, तीनदा. मग त्याला आपला बापजाद्यांचा धंदा आठवला. त्यानं माती तुडवली, सगळी कुटी मातीची उभारली आणि गवत, लाकूड, शेण रचून आख्खीच्या आख्खी भाजून काढली. मडकं भाजावं तशी. ती लालबुंद झाली, मृगातल्या मखमली किड्यासारखी. टिचकी मारली तर घंटीसारखी वाजायची.

बुद्ध डोंगर उतरताना ती दिसली. त्यांनी चौकशी केली आणि भिक्षूंना ती मोडायला सांगितली. का, तर ही भट्टी लागली तेव्हा त्यात बारीकसारीक किती जीव जळाले असतील, आणि मागून येणाऱ्यांनी हाच कित्ता गिरवला तर? भिक्षू गेले, मोडायला लागले. धनियानं विचारलं, का मोडता. त्यांनी कुणी सांगितलं ते सांगितलं. त्यावर तो म्हणाला, मग मोडा.

मी पुस्तक मिटलं. दोस्तांनो, खोटं कशाला बोलू, मला राग आला. आपण ज्याला बाप मानतो त्याचा राग आला. झोपडी मोडताना ज्यानं बघितलीय त्याला ही गोष्ट गिळता येत नाही. आपल्या झोपड्यांपुढं जेसीबी उभा राहतो तेव्हा तोही काहीतरी मोठं कारणच सांगतो. रस्ता असतो, धरण असतं, शहराची शोभा असते. धनियाच्या बाबतीत कारण जिवांची दया. पण मोडलं ते कुंभाराच्या पोराचंच ना?

पॉलिशरवर माझा जोडीदार आहे, त्याला सांगितलं. तो म्हणाला, "लेका, किड्यामुंग्यांची दया करायला आपण काय तोंडाला फडकं बांधून फिरतो का? आपल्या मान्साची दया कुणी केली?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. जोडीदाराचं बोलणं चुकीचं नाही. या देशात मुंगीला साखर घालणारे पुष्कळ झाले, आणि त्यांच्याच विहिरीवर आमची घागर विटाळ करायची.

पण गोष्ट डोक्यातनं जाईना. कारण आमचंही घर चाललं होतं.

आमचं जुनं घर कुडाचं, वर कौलं, गावाच्या उगवतीला. बहुतेक गावांत आपली वस्ती एकाच बाजूला सापडते, वारा गावावरनं आपल्याकडं यावा, आपल्यावरनं गावाकडं जाऊ नये अशी. बाला घरकुल मंजूर झालं, पहिला हप्ता जमा झाला. जोतं भरून झालं. विटा सांगायला मी त्याच भट्टीवर गेलो जिथं माझं तूस जातं.

भट्टीवर कातकरी कुटुंबं होती. दिवाळीनंतर उचल घेऊन येतात, पावसाच्या तोंडावर जातात. उचल फिटत नाही, मग पुढच्या साली परत तिथंच. त्यांची घरं तुम्ही बघितलीत का? कच्च्या विटा एकावर एक रचलेल्या, मधे माती नाही, चुना नाही. छातीएवढी भिंत, वर प्लास्टिक आणि पेंढा. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. एक बाई दारात भाकरी थापत होती. मी म्हणालो, "ताई, पावसात काय करता?" ती म्हणाली, "पावसात हितं कोन ऱ्हातंय दादा? हे घर शेवटच्या भट्टीला लागतं. याच्याबी विटाच हायेत न्हवं."

म्हणजे धनियानं आपलं घर भाजलं ते आपण राहायला. ही बाई सहा महिने ज्यात राहते ते घर दर साली सुटं होतं, भाजतं आणि दुसऱ्याच्या भिंतीत जातं. कुणाच्या? आमच्या. मी हजारी दर ठरवायला गेलो होतो, तो ठरवून आलो. पण त्या दिवसापासनं गोष्ट मला वेगळी दिसायला लागली.

जेसीबीवाला विचारतो, जागा कुणाची, कागद कुठाय. बुद्धांनी धनियाला कागद विचारला नाही. त्यांनी विचारलं, हे उभं राहताना जळलं कोण. हा प्रश्न कुठल्याही कचेरीत विचारत नाहीत. तो विचारला तर मोठी मोठी घरं अगोदर मोडावी लागतील. आणि माझंही जोतं त्यातनं सुटत नाही. माझ्या विटेत सहा पिलं आहेत. त्या बाईचं घर आहे, तिच्या नवऱ्याची उचल आहे. आपण गावकुसाबाहेर राहिलो म्हणून आपले हात आपोआप धुतलेले राहिले, असं होत नाही.

आज्जा परळला गिरणीत होता. एका खोलीत पंधरावीस गडी, पाळीपाळीनं झोपायचे. रातपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी अजून ऊबदार असायची. आज्जा म्हणायचा, मला मुंबईत घर नव्हतं, आठ तास होते. ज्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या ती आपल्याच डोंगरातली. वळवण, शिरवता, लोणावळा इथं टाटांनी पाणी अडवलं आणि 1915 साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. पुढं मुळशीच्या धरणासाठी गावंच्या गावं पाण्यात घालायची ठरली, तेव्हा 1921 साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात होते. तरी धरण झालं. आज्जाला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं कुणाला बुडवलं नाही. पण तो ज्या मागावर उभा होता त्याच्यामागं कुणाचंतरी बुडालेलं घर होतं. आणि 1982 च्या संपात गिरणी सुटली तशी वळकटी उचलून तो परत ह्याच कुडाच्या घरात आला.

मग काय, घर बांधायचंच नाही? इथं मी सावध होतो. साधं राहा, कमी घ्या, हा उपदेश लोणावळ्यात फार स्वस्त आहे. तिथल्या बंगल्यांत वर्षातले दहावीस दिवस दिवा लागतो. बाकी दिवस फाटकाजवळच्या एका खोलीत राखण करणारं कुटुंब राहतं आणि सोळा खिडक्या पुसत बसतं. शेकरूसुद्धा एकापेक्षा जास्त घरटी बांधते, भीमाशंकरला जाऊन बघा. पण ती कुलूप लावत नाही. भिक्षूनं घर सोडलं ते असलेलं सोडलं. ज्याला कधी मिळालंच नाही त्यानं काय सोडायचं? बाबासाहेबांनी दादरला घर बांधलं, पुस्तकांसाठी मोठी जागा ठेवून बांधलं, आणि नाव दिलं राजगृह. धनियाची कुटी ज्या नगराबाहेर मोडली त्याच नगराचं नाव. त्यांच्या मनात ही गोष्ट होती असं मी म्हणत नाही. मला मात्र ते नाव वाचलं की हा कुंभाराचा पोरगा आठवतो.

माझी खरी तक्रार पुढंच आहे. कुटी मोडली, ठीक. त्या रात्री धनिय झोपला कुठं? गोष्टीत ते नाही. पुढं एवढंच येतं की त्यानं राजाच्या लाकूडवखारीतनं खोटं सांगून लाकूड आणलं आणि त्यावरनं चोरीचा नियम झाला. म्हणजे ज्याची तीन घरं बायांनी नेली आणि चौथं आपल्यांनी मोडलं, तो पाचव्या घरासाठी खोटं बोलला. मला तो गुन्हेगार वाटत नाही. मोडणाऱ्यानं आधी जागा दाखवावी, हा नियम त्याच दिवशी का झाला नाही?

ह्याचं उत्तर शोधायला मी भाज्याला गेलो. उत्तर मिळेल म्हणून नाही, रविवार होता म्हणून.

भाज्याची लेणी 22. इसवी सनाच्या आधी दीडदोनशे वर्षांपासनंची. चैत्याचे खांब आत कललेले आहेत, लाकडी घराचे असतात तसे. दगडाला कलायची गरज नव्हती. पण कोरणाऱ्यानं घर म्हणून लाकडाचंच बघितलेलं, तेच त्यानं दगडात काढलं. बाजूच्या खोल्या एवढ्याशा. आत दगडाचाच ओटा, तीच खाट. मी त्यावर आडवा झालो. थंड लागलं, पण उठ म्हणणारं कुणी नव्हतं. मला वाटलं, धनियाला हीच जागा पाहिजे होती. बायांना नेता न येणारी, भाजावी न लागणारी. संघाला उत्तर द्यायला दोनतीनशे वर्षं लागली, आणि त्यानं ते आमच्या मावळात दिलं. हा माझा कल्पनेचा खेळ आहे, इतिहासवाल्यांनी अंगावर येऊ नये.

पाण्याचं टाकंही आहे. ते कुणा महारठी विण्हुदताचं दान, असं वर कोरलंय. आणि पलीकडं कार्ल्याला, वेहेरगावच्या डोंगरात, चैत्याच्या दर्शनी भागावर एका सुताराचं नाव आहे, धेनुकाकटचा सामी. त्यानं घराचं मुख केलं, असं लिहिलंय. शब्द 'घर' हाच आहे. दोन हजार वर्षांनी मी तो तसाच बोलतो. तिथंच नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. इथं वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या पोटासाठी त्यानं करजिक नावाचं गाव दिलं, आणि ते कुणा एका गटाला दिलं नाही, चारी दिशांच्या संघाला दिलं. चारी दिशांनी कुणीही यावं. माझ्या वस्तीला आजवर एकच दिशा मिळाली, त्यामुळं मी त्या ओळीपुढं बराच वेळ उभा राहिलो. मग मनात आलं, गाव देताना गावाला विचारलं होतं का? त्या भाताच्या पेंढ्या डोंगरावर कुणी वाहून नेल्या? दगड फोडून डोळे कुणाचे गेले? त्यांची नावं नाहीत. म्हणजे इथंही कुणीतरी जळलंच, फक्त सावकाश.

1989 च्या जुलैत भाजे गावावर दरड आली. घरं गाडली गेली, माणसं गेली. लेणी वर तशीच आहेत. आता तिकीट काढून आत जावं लागतं. खोल्यांत वटवाघळं आहेत, पाकोळ्या आहेत, कड्याला आगी मोहोळं लटकतात. चारी दिशांचा संघ म्हणायचा तर सध्या तोच तिथं मुक्कामाला आहे, आणि त्याला कुणी तिकीट मागत नाही.

खाली आलो. जोडीदाराला म्हणालो, तुझं बरोबर आहे, आपल्या माणसाची दया कुणी केली नाही. पण भट्टीवरची बाई कुणाची माणूस? तो काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "उचल किती हाय तिच्या नवऱ्यावर?" मी आकडा सांगितला. त्यानं मनात आमचे पगार मोजले असावेत, कारण तो हसला.

ढीग उपसायच्या आधी आता मी काठीनं ठोकतो आणि थोडं थांबतो. गाडीवाला शिव्या देतो. तूस तरीही भट्टीवरच जातं.

विटा येऊन पडल्यात. दोन बोटं एकमेकींवर वाजवल्या तर खणखणीत वाजतात, चांगल्या भाजल्यात. कोणत्या विटा तिच्या घरच्या, ते ओळखता येत नाही. जोत्याच्या मागच्या कोपऱ्यात मुंग्यांनी वारूळ धरलंय, गुडघ्याएवढं. भिंत बरोबर त्याच्यावरनं जाते. बा म्हणतो, रॉकेल ओत. आई म्हणते, हातभर आत घ्या भिंत, चूल तेवढी लहान होईल. गवंडी सोमवारी येतो म्हणालाय.